'मुख्य पशु अधिकारी' कोण?

डिचोलीहून एका वाचकाने विचारले आहे: "आमच्या दूध संस्थेच्या कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका मराठीत करतोय. 'चीफ व्हेटरिनरी ऑफिसर'ला मोबाइलने 'मुख्य पशु अधिकारी' असे सुचवले. पशुवैद्य, पशुवैद्यक, पशुवैद्यकीय यांतले बरोबर कोणते?"

आधी मोबाइलचे ते नाव खोडा, नाहीतर पाहुणे चहासुद्धा न घेता परततील.

वैद्य हा माणूस, वैद्यक ही त्याची विद्या, आणि वैद्यकीय हे त्या विद्येवरून केलेले विशेषण. आरोग्य केंद्रात 'वैद्यकीय अधिकारी' असतो, त्याच चालीवर 'मुख्य पशुवैद्यकीय अधिकारी'. 'पशुवैद्यक' माणसालाही म्हणतात, आणि ती चूक नव्हे. संस्कृतातही वैद्यक पुल्लिंगी झाला की वैद्यच होतो. बोलताना मात्र आपण यातले काहीच म्हणत नाही. आपला तो 'गुरांचा डॉक्टर', शेजारच्या कोकणी घरात 'गोरवांचो दोतोर'. पोमेरेनियनला टोचायला नेतानाही माणसे 'गुरांच्या दवाखान्यात जाऊन येतो' म्हणतात. (घोड्यांच्या वैद्याला पूर्वी सलोत्री म्हणत. शालिहोत्र ऋषींच्या अश्वशास्त्रावरून आलेला हा शब्द इंग्रजांच्या फौजेतही चालत असे. घोडे गेले, शब्दही गेला.)

खरी गंमत 'अधिकारी' या शब्दात आहे. गाय तोंडातून लाळेच्या तारा सोडते, चप्‌चप्‌ आवाज करते, एक पाय झटकत उभी राहते. डॉक्टर येतो, जीभ ओढून फोड बघतो, खुरांच्या बेचक्यात बोट घालतो आणि म्हणतो, 'लाळ्या खुरकूत.' औषध देतो तोवर तो वैद्य. मग तो विचारतो, 'गाय कुठून आणली? कधी? बाजूच्या गोठ्यात किती जनावरे?' आणि कागद काढतो. इथे अधिकारी सुरू झाला. गोठ्यागोठ्यांतले असे कागद ज्याच्या टेबलावर जमतात आणि बाजार बंद ठेवायचा का, नाक्यावर गुरांची गाडी अडवायची का, लस आधी कुठे पाठवायची, हे ज्याला सरकारला सांगावे लागते, तो मुख्य. एका गाईचा ताप त्याने कदाचित वर्षानुवर्षे पाहिलेला नसतो.

हे पद जगभर एवढे वजनदार असण्यात आपल्या गुरांचाही हात आहे. 1920 मध्ये भारतातून ब्राझीलला निघालेली गुरे अँटवर्प बंदरात उतरली आणि बेल्जियममध्ये बुळकांडी, म्हणजे गुरांचा जीवघेणा साथरोग, पसरली. त्या धास्तीतून 1924 मध्ये 28 देशांनी पॅरिसमध्ये करार केला. आजची जागतिक पशुआरोग्य संघटना ती हीच. रोग लपवायचा नाही, एकमेकांना कळवायचा, हा तिचा पाया. बहुतेक देशांत ते कळवण्याची जबाबदारी याच मुख्य अधिकाऱ्याची. बुळकांडी 2011 मध्ये जगातून हद्दपार झाली. देवीनंतर पूर्ण नष्ट झालेला हा दुसराच रोग.

आपल्याकडे 2009 चा प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांचा केंद्रीय कायदा आहे. त्यात हे 'चीफ' नाव नाही, 'डायरेक्टर' आहे. रोगाचा संशय आला की मालकाने गावच्या अधिकाऱ्याला किंवा पंचायतीला कळवायचे आणि त्यांनी पशुवैद्याला, अशी साखळी तो घालून देतो. 'नियंत्रित क्षेत्र' आणि 'मुक्त क्षेत्र' हे त्यातले दोन वेगळे शब्द. 2021 मध्ये गोवा रेबीजसाठी नियंत्रित क्षेत्र जाहीर झाला, आणि लोक लगेच 'रेबीजमुक्त' म्हणू लागले. नियंत्रित म्हणजे लसीकरण आणि पाळत चालू. कुत्रा चावला की जखम साबणाने धुवून इस्पितळ गाठायचे ते गाठायचेच.

तेव्हा पत्रिकेचे असे करा. पाहुणे परदेशातले असतील आणि त्यांचे पदनामच ते असेल, तर 'मुख्य पशुवैद्यकीय अधिकारी'. पाहुणे पणजीहून येणारे खातेप्रमुख असतील तर भाषांतराचा प्रश्नच नाही, 'संचालक, पशुसंवर्धन व पशुवैद्यकीय सेवा' छापा. आणि नावाआधीचे 'डॉ.' गाळू नका. गुरांच्या डॉक्टरांना ते फार लागते, आणि बरोबरच आहे त्यांचे.