सुऱ्या कपाटात ठेवणाऱ्या बहिणीस

कोथरूडहून एका वाचक भगिनींनी लिहिले आहे: "माझा धाकटा भाऊ ३६ वर्षांचा आहे. चोविसाव्या वर्षी त्याला स्किझोफ्रेनिया झाला. आई गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षे, तो आमच्याकडे राहतो. गोळ्या नियमित घेतो, सकाळी एका झेरॉक्सच्या दुकानात काम करतो. मी घरी शिकवणी घेते. मागच्या महिन्यात टीव्हीवर एका खुनाच्या बातमीत या आजाराचे नाव आले आणि त्याच सुमारास एका पालकांना भावाच्या आजाराविषयी कळले. नऊपैकी पाच मुले यायची थांबली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी माझ्या पतींना बोलावून 'त्यांची कुठेतरी सोय करा' असे सांगितले. पती आता येरवड्याच्या मनोरुग्णालयाचे नाव काढतात. माझी नऊ वर्षांची मुलगी विचारते, मामा डेंजर आहे का? भावाने आजवर कोणावरही हात उगारलेला नाही. तरीही पंधरा दिवस झाले, मी रात्री स्वयंपाकघरातल्या सुऱ्या कपाटात ठेवते आणि किल्ली उशाखाली घेऊन झोपते. मला माझीच लाज वाटते."

सप्रेम नमस्कार.

शिकवणी, सेक्रेटरी, पती यांच्याविषयी सविस्तर लिहून झाल्यावर, अगदी शेवटी, तुम्ही किल्लीचा उल्लेख केला आहे. मला वाटते, पत्र लिहायला तुम्ही बसलात ते त्या किल्लीमुळेच, म्हणून उत्तरही तिथूनच सुरू करते. तीन वर्षे ज्या सुऱ्या ओट्यावर असायच्या, त्या पंधरा दिवसांपूर्वी कपाटात गेल्या. या काळात तुमच्या भावाच्या झोपेत, बोलण्यात, गोळ्यांत किंवा कामावर जाण्यात काही फरक पडल्याचे तुम्ही लिहिलेले नाही. फरक पडला तो तुमच्या कानांवर जे आले त्यामुळे. तुम्हाला भीती वाटली यात लाजण्यासारखे काही नाही, कारण ही भीती तुमच्या घरात जन्मलेली नाही. ती बाहेरून आलेली आहे आणि ती कुठून आली हे नीट पाहिले तरच ती जाईल.

आपल्या वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर "माथेफिरू" हा एक शब्द आहे. कोणी रस्त्यात कोयता उगारला, कोणी एकतर्फी प्रेमातून हल्ला केला, कोणी दारू पिऊन शेजाऱ्याला भोसकले, की तपास सुरू होण्याआधीच तो मथळ्यात बसतो. या शब्दाने कोणत्याही आजाराचे निदान होत नाही. पण वाचणाऱ्याच्या मनात क्रौर्य आणि मनाचा आजार यांची गाठ मात्र मारली जाते. मग एखाद्या बातमीत खरोखरच आजाराचे नाव येते आणि ती गाठ पक्की होते. आजाराच्या नावानेही यात भर घातली आहे. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगन ब्लॉयलर यांनी १९०८ साली हे नाव वापरात आणले तेव्हा विचार, भावना आणि वर्तन यांच्यातला मेळ सुटणे त्यांना अभिप्रेत होते. परंतु "छिन्नमनस्कता" हे त्याचे मराठी नाव ऐकताच आपल्याकडे एका देहात दोन माणसे, एक भला आणि एक खुनी, असे चित्र उभे राहते, जे या आजारात मुळीच नसते. जपानमध्येही जुन्या नावाचा अर्थ "मनाचे विभाजन" असाच होता, आणि रुग्णांच्या कुटुंबीयांनी मागणी लावून धरल्यामुळे २००२ साली तिथे या आजाराचे नावच अधिकृतपणे बदलण्यात आले.

आता आकडे पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे तीनशे माणसांमागे एकाला स्किझोफ्रेनिया आहे. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिका क्षेत्राची लोकसंख्या ३१ लाखांहून अधिक होती. तोच हिशेब इथे लावला तर या शहरात असे दहा हजारांच्या आसपास लोक असले पाहिजेत. ते पीएमपीच्या बसमध्ये तुमच्या शेजारी बसतात, मंडईत भाव करतात, बँकेच्या रांगेत उभे राहतात. त्यांतल्या बहुतेकांच्या हातून कधीही हिंसा घडत नाही आणि म्हणून त्यांची बातमीही होत नाही. अमेरिकेतील अभ्यासकांनी केलेल्या अंदाजानुसार, सर्व तीव्र मानसिक आजार उद्या नाहीसे झाले तरी समाजातली हिंसा साधारण चार टक्क्यांनीच कमी होईल. उलट, अशा आजाराची माणसे मारहाण, फसवणूक आणि लैंगिक अत्याचार यांना इतरांपेक्षा जास्त वेळा बळी पडतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसून आले आहे. या आजारात मृत्यूची छाया पडते तीही बहुधा रुग्णाच्या स्वतःवरच: शंभरांतल्या सुमारे पाच जणांचा शेवट आत्महत्येने होतो. कानांत सतत हिणवणारे आवाज येणारा, शेजारी आपल्याविरुद्ध कट करत आहेत असे वाटणारा माणूस आपल्याला भितीदायक वाटतो. पण त्या घरात सर्वांत जास्त घाबरलेला तोच असतो.

तुम्हाला धीर यावा म्हणून मी अर्धेच सत्य सांगणार नाही. हिंसेचा धोका या आजारात इतरांपेक्षा काहीसा जास्त असतो, असे अभ्यास सांगतात. मात्र तो सर्वांत सारखा वाटलेला नसतो. दारू किंवा गांजाची जोड असेल, पूर्वी हिंसा घडलेली असेल, पहिल्या झटक्यावर अजून उपचारच झाले नसतील, गोळ्या बंद केल्या असतील, किंवा अमुक एकाला इजा कर असा हुकूम देणारे आवाज येत असतील, तिथे तो वाढतो. यातल्या दारूचा आणि हिंसेचा संबंध तर आजार नसलेल्यांतही तितकाच खरा आहे, पण दारू पिऊन जिन्यात ओरडणाऱ्या सभासदाची "सोय करा" असे कोणी म्हणत नाही. तुमच्या भावाकडे ही फूटपट्टी लावून पाहा. तो सलग दोन-तीन रात्री जागू लागला, जेवणात काही मिसळले आहे असा संशय घेऊ लागला, एकटाच कोणाशी तरी वाद घालू लागला, गोळ्या जिभेखाली लपवू लागला, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठा. लक्ष ठेवायचे ते या खुणांवर, सुऱ्यांवर नव्हे.

सुऱ्यांविषयी आणखी एक. ओट्यावरची सुरी रोज रात्री नाहीशी होते, हे तीन वर्षे त्या घरात राहणाऱ्या माणसाच्या लक्षात आलेले नसेल, असे समजू नका. बहुधा आलेले आहे आणि तो बोललेला नाही. आपल्याविषयी कोणीतरी मनात काही धरून आहे, ही शंका ज्या आजारात अनेकदा छळते, त्या आजाराच्या माणसाला ती शंका या वेळी खरी ठरते आहे. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की आज रात्रीपासून सुऱ्या जागेवर राहू द्या. झोप येणार नसेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना, भावाच्या देखत, सरळ विचारा की याच्याकडून मला किंवा मुलीला धोका आहे का. आडून विचारलेल्या प्रश्नापेक्षा हा प्रश्न त्याला कमी लागेल.

त्या भेटीला पतींनाही न्या. ते कठोर आहेत असे मला वाटत नाही. तुम्ही घाबरला आहात तसेच तेही घाबरले आहेत. मात्र आपल्या पुण्यात "येरवड्याला पाठवा" हे चिडवण्याचे वाक्य होऊन बसले आहे आणि त्यामुळे ते रुग्णालय आहे, उपचारांची जागा आहे, हेच विसरले जाते. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ नुसार कोणालाही केवळ नातेवाइकांना नकोसा झाला म्हणून दाखल करता येत नाही. रुग्णाच्या इच्छेविरुद्ध दाखल करायचे तर त्याच्यापासून स्वतःला वा इतरांना धोका आहे किंवा तो स्वतःची काळजी घेऊ शकत नाही, असे मानसिक आरोग्य क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी तपासून ठरवावे लागते, आणि तेही सुरुवातीला जास्तीत जास्त तीस दिवसांसाठी. सकाळी कामावर जाणारा, वेळेवर गोळ्या घेणारा तुमचा भाऊ या अटींत कुठेच बसत नाही. याच कायद्याने त्याला समाजात राहण्याचा हक्क दिला आहे आणि त्याच्या आजाराची माहिती गुप्त राखण्याचाही.

सेक्रेटरींना त्यांचे म्हणणे लेखी द्यायला सांगा, कोणत्या घटनेमुळे ही मागणी करत आहात ते नमूद करून. मला खात्री आहे की लिहिण्यासारखी घटना त्यांच्याकडे नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये मानसिक आजाराचाही समावेश आहे आणि आजाराच्या कारणावरून भेदभाव करण्याला त्याने मनाई केली आहे, हे त्यांना शांतपणे कळवा. भांडण करू नका. तुम्हाला त्याच जिन्यातून रोज जायचे आहे.

पालकांचे जरा वेगळे आहे. मुलांची काळजी वाटणे स्वाभाविक आहे, आणि एकदा समोर बसून बोललात तर दोन-तीन जण तरी ऐकतील. पण आधी भावाला विचारा. आजार त्याचा आहे. कोणाला किती सांगायचे हे त्याने ठरवावे. तो नको म्हणाला तर पाच मुलांची फी गेली तरी चालेल, असे मी म्हणेन, आणि हे सोपे नाही हेही मला माहीत आहे.

तुम्हाला स्वतःलाही बोलायला कोणीतरी हवे. १९९७ साली डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था स्थापन केली. धायरीला असलेल्या या संस्थेत रुग्णांचे कुटुंबीय एकमेकांना भेटतात. किल्ली उशाखाली घेऊन झोपलेल्या बहिणी तिथे तुम्हाला नक्की भेटतील. रात्री-अपरात्री बोलावेसे वाटले तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची १४४१६ ही मोफत सेवा मराठीतही आहे.

राहिला मुलीचा प्रश्न. तिला सांगा की मामाला एक आजार आहे, त्यात कधीकधी नसलेले आवाज ऐकू येतात आणि त्याला भीती वाटते, म्हणून तो रोज गोळी घेतो. त्याने तुला कधी दुखावले आहे का, हे तिलाच विचारा आणि उत्तर तिलाच देऊ द्या. मामा खूप गप्प झालेला दिसला, रात्री फिरताना दिसला तर आईला येऊन सांगायचे, एवढे काम तिच्याकडे द्या. आणि हे सगळे स्वयंपाकघरात, दार न लावता बोला, म्हणजे बाहेर बसलेल्या मामालाही ते ऐकू येईल.

तुमची,
ताई