नखं काळी होणारच

मुलगी फाइन आर्ट्सला मुद्राचित्रण, म्हणजे चित्रं छापायची कला, शिकते. दिवसभर तांब्याची पाटी पुसते, नखं काळी करून येते. ह्यात शिकणं ते काय? (एक आई, दांडिया बाजार, बडोदा)

पुसणं हेच शिकणं, ताई. एचिंगमध्ये, म्हणजे पाटीवर आम्लाने चित्र कोरून छापताना, शाई राहते ती आम्लाने खाल्लेल्या खाचांत. जोर लावून पुसलं तर खाचेतलीही निघून येते आणि चित्र फिकं पडतं. कमी पुसलं तर सगळीकडे करडं सारवण. शेवटचा हात तळव्याच्या कडेने फिरवतात. कुठे थांबायचं हे तळव्यालाच कळतं, मास्तर काय सांगणार? मग भिजवून टिपलेला सुती कागद, त्यावर प्रेसची जाड लोकरी ब्लँकेटं, आणि प्रेसचं चाक. पाटीच्या कडा आधी कानशीने तिरप्या घासायच्या. विद्यार्थी असताना मी एकदा आळस केला आणि ब्लँकेट कापलं गेलं. पुढे महिनाभर वर्गातल्या सगळ्यांच्या कडा मीच घासल्या!

बडोद्यातच शिकलेले मुद्राचित्रकार ज्योती भट्ट 1964 ते 66 न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये होते. तिथून एचिंगचा हात पक्का करून आले. त्यांच्या छापांतली अक्षरं बघा. पाटीवर ती उलटी काढावी लागतात. लेकीला घरी उलटं लिहिताना पाहिलंत तर घाबरू नका.

मुलाला दमा आहे. आम्लाच्या खोलीत जाऊ द्यावं का?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. जस्ताची पाटी नायट्रिक आम्लात टाकली की वाईट धूर निघतो. तांब्याला फेरिक क्लोराइड वापरलं तर त्रास बराच कमी, पण अ‍ॅक्वाटिंटसाठी, म्हणजे पाटीवर सपाट छटा आणायला, राळेची बारीक पूड उडवतात, तीही छातीला वाईट. त्याने वुडकट घ्यावा, म्हणजे लाकडावर कोरून छापणं. शाई पुसायला घासलेटाऐवजी आधी गोडंतेल.

आजीच्या देवघरातल्या रविवर्म्याच्या लक्ष्मीवर ‘3/10’ असा आकडा नाही. मग ते मुद्राचित्र नव्हे?

छापलेलंच आहे, पण मूळ तैलचित्राची नक्कल म्हणून. 1894 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या त्यांच्या छापखान्यात कारागीर एकेका रंगासाठी छापायचा वेगळा दगड तयार करत. आकडा घालतात तो चित्रकाराने छापण्यासाठीच घडवलेल्या, मोजक्या प्रतींवर: दहातली तिसरी. आजीची लक्ष्मी आहे तिथेच असू द्या.

प्रवेश हुकला. प्रेसशिवाय काही करता येईल?

लिनोचा (कोरता येणाऱ्या मऊ लिनोलियमचा) तुकडा, कोरायला दोन पटाश्या, रोलर, शाई. पटाशीपुढे बोट कधी ठेवू नका. छाप काढायला शाई लावलेल्या लिनोवर कागद ठेवून त्याची पाठ स्टीलच्या चमच्याने गोल गोल घासा, कोपरे विसरू नका. आणि चमचा परत स्वयंपाकघरात नेऊ नका, आमच्याकडे ह्यावरून महाभारत झालं होतं.