थिऑलॉजी घ्यावी की धर्माध्ययन?

पदवी विज्ञानाची आहे, धर्म या विषयात एम.ए. करायचं आहे, पण थिऑलॉजी आणि रिलिजस स्टडीज (धर्माध्ययन) यांत फरक कळत नाही, आणि आत्तापासून काय तयारी करू, असं तुम्ही विचारलंय.

फरक प्रश्नांत आहे. थिऑलॉजी परंपरेच्या आत उभी राहून विचारते: येशू मेलेल्यांतून उठला, हे मानलं तर माणसाच्या मुक्तीबद्दल सुसंगतपणे काय म्हणता येईल? धर्माध्ययन विचारतं: ही श्रद्धा आकाराला कशी आली? मग आरंभीचा ख्रिस्ती प्रचारक पौल याचं करिंथकरांस पहिलं पत्र (सुमारे इ.स. ५३-५५) मार्कच्या शुभवर्तमानाच्या (सुमारे ७०) आधीचं आहे, ही गोष्ट महत्त्वाची ठरते, कारण श्रद्धा कशी घडत गेली ते कोणता मजकूर आधीचा यावरून शोधायचं असतं. थिऑलॉजीत श्रद्धा असलीच पाहिजे असं नाही आणि धर्माध्ययनात ती बाधक नाही. धर्माध्ययनात फक्त खरंखोटं ठरवण्याचा निर्णय बाजूला ठेवायचा असतो.

पदवीच्या नावावर जाऊ नका. अमेरिकेत एम.डिव्ह. (मास्टर ऑफ डिव्हिनिटी) साधारण तीन वर्षांची, मुख्यतः धर्मसेवेसाठी तयार करणारी, एम.टी.एस. (मास्टर ऑफ थिऑलॉजिकल स्टडीज) दोन वर्षांची आणि अभ्यासकी. ब्रिटनमधलं एम.ए. बहुधा एका वर्षाचं, १८० क्रेडिटचं असतं. विषयांची यादी उघडा. मूळ भाषेतल्या ग्रंथवाचनाचा एकही वर्ग नसेल, तर पुढे पीएच.डी. करू पाहणाऱ्याने तो अभ्यासक्रम सोडून द्यावा असं माझं मत.

कारण खरी अडचण भाषेचीच येते. विषय वर्षभरात बदलता येतो, हिब्रू वर्षभरात 'उरकता' येत नाही. आधी ग्रंथपरंपरा ठरवा, मग तिची भाषा: नव्या करारासाठी कोइने ग्रीक, कुराणासाठी अभिजात अरबी, थेरवाद या बौद्ध परंपरेसाठी पाली. नेहमीची चूक म्हणजे आधुनिक भाषेचा क्लास लावणं. आधुनिक हिब्रूत क्रियापदाची रूपं सरळ काळाप्रमाणे चालतात. बायबलच्या हिब्रूत मात्र 'वाव' (म्हणजे 'आणि' हे अक्षर) जोडलेलं भविष्यासारखं दिसणारं रूप कथनात भूतकाळाचा अर्थ देतं, आणि तिथेच वाचणारा घसरतो. प्रवेशाआधी रोज तासभर देऊन लिपी, नामाची रूपं आणि वारंवार येणारे चारपाचशे शब्द बसवले, तरी पहिलं सत्र सुसह्य होतं. पीएच.डी.ला बऱ्याच ठिकाणी जर्मन किंवा फ्रेंच वाचता येणंही लागतं, पण ते नंतर.

विज्ञानाकडून येणाऱ्यांचे गुण जातात ते निबंधात. 'गीता सांगते की...' हे वाक्य परीक्षक लाल शाईने गोल करतो. गीता कोणाच्या वाचनातली? 'सर्वधर्मान्परित्यज्य' (१८.६६) या एकाच श्लोकाचे रामानुज आपल्या भाष्यात दोन अर्थ देतात. शंकराचार्यांचा रोख सर्वकर्मसंन्यासाकडे आहे. तेव्हा भाष्यकाराचं नाव, श्लोकाचा क्रमांक आणि वापरलेली आवृत्ती, तिन्ही हवंच. 'धर्म' आणि 'रिलिजन' हे शब्द बिनदिक्कत एकमेकांच्या जागी घालणं हीसुद्धा तशीच चूक. मराठी माणसाला तर ती पटकन दिसतही नाही.

ब्रिटनमधल्या एम.ए.चा प्रबंध बहुतेक ६० क्रेडिटचा, म्हणजे क्रेडिटला दहा तास या हिशेबाने ६०० तासांचा. 'हिंदू आणि ख्रिस्ती धर्मातील मोक्ष' हा विषय त्यात बसत नाही, आयुष्यातही बसत नाही. रामानुजांचे वरचे दोन अर्थ आणि त्यांच्यातला ताण, एवढाच विषय घेतला तरी बारा-पंधरा हजार शब्द भरतात. पोट भरून उरतात म्हणा.

अर्जातल्या निवेदनात श्रद्धेचा प्रवास लिहू नका, एम.डिव्ह.सारखा अभ्यासक्रम तो स्वतःहून मागत असेल तरच लिहा. त्याऐवजी एक प्रश्न, तो ज्या ग्रंथातून आला त्याचं नाव आणि भाषेची आजची तयारी लिहा. लेखनाचा नमुना मागतात. प्रयोगाचा अहवाल चालणार नाही. एखादा छोटा उतारा घ्या, त्याची तीन भाषांतरं शेजारी ठेवा आणि ती जिथे वेगळी होतात त्या एका शब्दावर दोन हजार शब्द लिहून काढा. ते जमत नसेल तर एक वर्ष थांबून अर्ज करा.