घाम आधी आला की भीती?

“मॅडम, मी घाबरट आहे म्हणून माझ्या हातांना इतका घाम येतो ना?”

कोणाचे तळहात ओले, कोणाचा पाय चपलेत सटकतो, कोणी काखेतले डाग झाकायला भर उन्हाळ्यात जॅकेट घालतं. माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या अशा सगळ्यांचा प्रश्न मात्र हाच. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की घाम सगळ्यांनाच येतो, त्यामुळे घरचे “होते असं” म्हणून सोडून देतात. ज्याच्याबद्दल लिहितेय तो मुलगा मात्र डिसेंबरच्या थंडीत आला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

अंगात स्वेटर, मुठीत रुमाल. वय २३, स्पर्धा परीक्षांची तयारी. परीक्षा केंद्रावरच्या बायोमेट्रिक मशीनने त्याचा अंगठा चार वेळा नाकारला होता. मागे रांग, समोर वैतागलेला ऑपरेटर. पाचव्यांदा ठसा लागला, पण पेपरभर त्याचं डोकं त्या मशीनपाशीच अडकून राहिलं. पुढच्या परीक्षेला तो गेलाच नाही.

“घाम आला की लाज वाटते, लाज वाटली की अजून घाम येतो,” तो म्हणाला. दीर्घ श्वासाचे व्यायाम त्याने आधीच करून पाहिले होते. मी पुन्हा तेच शिकवले असते, तर ‘दोष तुझ्या मनाचाच आहे’ यावर शिक्कामोर्तब झालं असतं.

तिसऱ्या भेटीत मी विचारलं, “हे पहिल्यांदा कधी लक्षात आलं?”

“तिसरीत असेन. चित्रकलेच्या तासाला. रंगखडूवरचा कागद ओला होऊन हातात यायचा.”

“त्या तासाची भीती वाटायची?”

“नाही हो. चित्रं काढायला तर आवडायचं मला.”

“म्हणजे भीती नव्हती, तरी घाम होता.”

तो बराच वेळ रुमालाकडे पाहत राहिला. घडी उलगडली, पुन्हा घातली. मग हळूच म्हणाला, “घाम आधी आला, मॅडम. भीती नंतर.”

ते वाक्य मी त्याला दिलं नाही, ते त्याचं त्याला सापडलं. अशा क्षणांसाठीच मी हे काम करते. माझं ठाम मत आहे की घटनेपेक्षा तिचा आपण लावलेला अर्थ जास्त छळतो. ओल्या हातांनी त्याची परीक्षा चुकवली नव्हती. ‘ओला हात म्हणजे दुबळा माणूस’ या समजुतीने चुकवली होती.

पुढच्या वेळी आई सोबत आली. झोपेत हात कसे असतात, असं मी विचारलं. “कोरडे असतात. ताप पाहायला रात्री हात धरायची ना मी याचा. याच्या बाबांचंही असंच आहे, शिलाई मशीनवर बसायच्या आधी हाताला पावडर लावतात.” ती पावडर मुलाने रोज पाहिली होती, कारण कधी विचारलं नव्हतं.

लहानपणापासून, दोन्ही हातांना सारखाच, झोपेत थांबणारा आणि घराण्यात चालत आलेला घाम असेल, तर तो बहुधा प्रायमरी हायपरहायड्रोसिस, म्हणजे दुसऱ्या कुठल्या आजारामुळे नसलेला अतिघाम, असतो. घामाच्या ग्रंथी निरोगी असतात, त्यांना नसांकडून इशारे मात्र गरजेपेक्षा जास्त जातात. याउलट मोठेपणी अचानक सुरू झालेला, अंगभर येणारा, रात्री अंथरूण भिजवणारा घाम असेल, सोबत ताप किंवा वजन घटणं असेल, तर आधी फिजिशियनकडे जा. थायरॉईड, टीबी, साखर कमी होणं, काही औषधं, अशी कारणं तपासावी लागतात. चालू औषध मनाने बंद करू नका.

मी त्याला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. ॲल्युमिनियम क्लोराइडचं औषध रात्री पूर्ण कोरड्या हाताला लावून सकाळी धुवायचं, तिथून सुरुवात झाली. त्याने भागलं नाही, तर पाण्यात हात ठेवून सौम्य विद्युतप्रवाह देण्याचा उपचार आहे, काही महिने टिकणारी बोटॉक्सची इंजेक्शनं आहेत, गोळ्याही आहेत, पण त्यांनी तोंड कोरडं पडतं. नस कापण्याची शस्त्रक्रिया अगदी शेवटी, कारण त्यानंतर पाठीला-पोटाला जास्त घाम सुटू शकतो.

माझ्याकडचा अभ्यास वेगळा होता. सीताबर्डीच्या बाजारात जायचं, हात न पुसता दुकानदाराला नोट द्यायची आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहायचं. पहिल्या दिवशी पाच दुकानं झाली. एकानेही नोटेकडे दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

फेब्रुवारीत पुन्हा परीक्षा होती. मशीनसमोर जाताच तो आधीच म्हणाला, “भाऊ, माझ्या हाताला घाम येतो, एक मिनिट द्या, पुसतो.” ऑपरेटरने टिश्यू पुढे केला, मशीनची काचही पुसली. ठसा दुसऱ्यांदा लागला.