शेततळ्याचा बांध पाझरतोय, पावडर टाकू की कागद? (कृषी सल्ला, ठाणे जिल्हा)

प्रश्न, मुरबाड तालुक्यातून: वरकस (हलक्या, डोंगरउताराच्या) जमिनीत उतारावर जेसीबी लावून २० बाय २० मीटर, ३ मीटर खोल तळं काढलं, निघालेल्या मुरमाचाच खालच्या अंगाला बांध घातला. पावसात तुडुंब भरतं, संक्रांतीला तळ दिसतो. बांधाच्या पायथ्याला कायम ओल असते. दुकानदार म्हणतो आत्ताच पाण्यात बेंटोनाइटची (भिजल्यावर फुगणाऱ्या चिकणमातीच्या पावडरीची) २० पोती सोडा, नाही थांबलं तर ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद घाला.

उत्तर: दादा, पोती आणली असतील तर आधी परत करा. बेंटोनाइट खोटं नाही, पण ते कोरड्या तळ्यात वरच्या चार-पाच इंच मातीत कालवून, ओलवून दाबायचं असतं, आणि चौरस मीटरला ५ ते १० किलो लागतं म्हणजे तुमच्या तळाला आणि बाजूंना मिळून अडीच ते पाच टन. भरल्या पाण्यात २० पोती सोडली तर पाणी गढूळ होईल आणि दुकानदाराचा महिना निघेल, बाकी काही नाही. त्यात तुमची गळती बहुतेक तळातून नाहीच, ती बांधाच्या बुडातून आहे. असे बांध मी शहापूर-मुरबाडात ढिगाने बघितलेत, सगळ्यांची गोष्ट एकच, वरचं गवत-पालापाचोळा न काढता त्यावरच माती लोटली, जेसीबी दोन वेळा वरून फिरवला आणि झालं म्हणे बांध.

कागदाचं पण ऐका. घाटावर कागद चालतो, आपल्याकडे भरपूर जागी नाही. इथे अडीच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस, जुलैत जमिनीतलं पाणी वर येतं आणि कागदाला खालून ढकलतं, मग तळ्याच्या मध्येच कागदाचं पोट फुगून वर येतं आणि जोड उसवतात. खालून पाणी काढून द्यायची सोय नसेल तर कागद घालू नका. दुकानदार हे सांगणार नाही. परत सांगतो, सांगणार नाही, कारण फाटलेल्या कागदाच्या जागी दुसरा पण त्यालाच विकायचाय.

आता पावसात करायचं एवढंच. पायथ्याचं पाणी काचेच्या बाटलीत धरा आणि बघा. स्वच्छ असेल तर असू दे, थोडा पाझर प्रत्येक मातीच्या बांधाला असतो. गढूळ येत असेल तर बांध आतून धुपतोय, त्याच दिवशी हालचाल करा. त्या तोंडावर आधी जाड वाळू, वर बारीक खडी, त्यावर मोठी खडी टाका म्हणजे पाणी जाईल आणि माती थांबेल. तिथे चिकणमाती थापून किंवा ताडपत्री लावून भोक बुजवू नका, पाणी शेजारून दुसरी वाट काढतं. तळ्याची पातळी उतरवा पण दिवसाला फूटभरच, घाबरून दोन पंप लावून एका रात्रीत उपसलं तर आतला ओला उतार ढासळतो. पाणी जोरात वाढत असेल तर मात्र बांधाखालची माणसं-गुरं आधी हलवा, बांधावर उभं राहून डागडुजी करत बसू नका. चिपळूणजवळच्या तिवऱ्याचं धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं तेव्हा खेकड्यांवर खापर फोडलं गेलं आणि सगळा महाराष्ट्र हसला. धरणाचं मला माहीत नाही, पण आपल्या दहा फुटी बांधाला खेकड्याची आणि घुशीची बिळं खरंच पोखरतात, दर आठवड्याला फेरी मारा.

दिवाळीनंतर पाऊस पूर्ण थांबला की बादलीची टेस्ट करा. पाण्याने भरलेली बादली तळ्याच्या कडेला पाण्यातच दगडावर ठेवा, दोन्हीकडच्या पातळीला खूण करा, चार दिवसांनी मोजा. बादलीत जेवढं उतरलं तेवढं उन्हाने नेलं, तळ्यात त्याहून जास्त उतरलं ते पाझराचं. हे फुकट आहे म्हणून कोणी करत नाही.

खरं काम एप्रिल-मे मध्ये, तळं कोरडं असताना. मी सगळ्यांना एकच सांगतो, खंदक आणि धुम्मस (माती ठोकून दाबायचं अवजार). बांधाच्या आतल्या पायथ्याला लांबीभर तीन-चार फूट रुंद खंदक, खाली कठीण थर लागेपर्यंत, आणि त्यात चिकण काळी माती. तीच माती आतल्या उतारावर पायऱ्या पाडून फूट-दीड फूट जाड चढवायची. थर अर्ध्या फुटाचा, प्रत्येक थर दाबूनच पुढचा. मातीचा मुठीत लाडू वळला पाहिजे पण हाताला पाणी लागता कामा नये. आतला उतार अडीचास एक (अडीच फूट आडवं, एक फूट उभं) ठेवा, बाहेरचा दोनास एक, मग वर हरळी आणि वाळा लावा. आंबा, साग, सुबाभूळ बांधावर नको म्हणजे नको, मुळं कुजली की पाण्याला आयता पाइप. पहिला पाऊस पडल्यावर जेसीबीवाला "करून टाकू साहेब" म्हणेल, करू नका, ओली माती दबत नाही.

सांडव्याचं, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेचं, तुम्ही लिहिलंच नाही, म्हणजे नसणार. एका एकरावर तासात १०० मिलीमीटर पडला तर चार लाख लिटर पाणी होतं, आणि असा पाऊस आपल्याकडे नवीन नाही, वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकलेली आठवत असेलच. सांडवा भरावात नाही, बाजूच्या मूळ जमिनीत कापा, बांधाच्या माथ्यापेक्षा निदान दोन फूट खाली. बांधातून पीव्हीसी पाइप काढणं हा सांडवा नव्हे. हे या पावसात उघडीप मिळाली तर आधी करा.

प्रश्न, शहापूरहून एका ताईंचा: तळं हिरवंगार झालंय, मासे सोडलेत, दुकानात १० किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकायला सांगितलं.

उत्तर: ताई, टाकू नका. दहा लाख लिटर पाण्यात एक किलो म्हणजेच लिटरला एक मिलीग्रॅम होतं, आणि आपल्या मऊ पाण्यात तेवढ्यानेही मासे दगावू शकतात, दहा किलो तर विषच झालं. शिवाय शेवाळं एकदम मेलं की कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं, सकाळी मासे उलटे. गोठ्याचं पाणी तळ्यात येतंय का बघा, ते आधी वळवा, शेवाळं जाळीने ओढून काढा.

शेततळ्याच्या अनुदानाचं चौघांनी विचारलंय: सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज, निवड झाली तर आकारानुसार जास्तीत जास्त ७५ हजार. पूर्वसंमती हातात यायच्या आधी खोदलंत तर अनुदान धरून चालू नका. आणि ओढ्याच्या मुख्य धारेत आडवा बांध घालून त्याला शेततळं म्हणत माझ्याकडे येऊ नका.