पॅरालिसिस होऊन पाच वर्षं झाली, आता पाय तपासून काय कळणार?

वडिलांचा पाय जेवढा सुटायचा तेवढा सुटला, मग नव्या फिजिओने पुन्हा तासभर तपासणी का सांगितली, असं तुम्ही विचारलंय. मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे. सुरुवातीच्या सहा महिन्यांत सुधारणा झपाट्याने होते हे खरं, पण त्यानंतर पाय आहे तसाच राहतो असं नाही. लक्ष दिलं नाही तर हळूहळू बिघडतो.

जुन्या पेशंटमध्ये मी सगळ्यात आधी शोधते ते हे, की पाऊल वर उचललं जात नाही ते नेमकं कशामुळे. नडगीपुढचा स्नायू अशक्त आहे, पोटरी मेंदूच्या चुकीच्या संदेशामुळे ताठरते आहे, की पोटरी खरोखरच आखूड झाली आहे? चालताना तिन्ही सारखंच दिसतं: अंगठा फरशीला घासतो, चप्पल निसटते, पाय बाहेरून गोल फिरवून टाकावा लागतो. उपचार मात्र वेगळे. ताठरपणावर बोटॉक्सचं इंजेक्शन चालतं. आखूड पोटरीवर त्याचा काही उपयोग नाही, तिथे टप्प्याटप्प्याने प्लास्टर किंवा कधी ऑपरेशन लागतं. बऱ्याचदा तिन्ही थोडंथोडं असतं, आणि तपासायला वेळ लागतो तो म्हणूनच.

पेशंटला झोपवून, गुडघा सरळ ठेवून, पाऊल झटकन वर ढकललं की मध्येच अडकतं. मग तेच सावकाश करायचं. आता आणखी वर गेलं तर तो ताठरपणा. सावकाश करूनही तिथेच अडलं तर स्नायू आखडलाय. गुडघा वाकवल्यावर पाऊल सहज वर आलं, तर दोष गुडघ्यावरून जाणाऱ्या वरच्या पोटरीचा. रिपोर्टवर नुसता अ‍ॅशवर्थचा, म्हणजे स्नायूचा ताठपणा मोजणाऱ्या मोजपट्टीचा, ० ते ४ मधला आकडा असेल तर तो अपुरा आहे असं माझं मत. त्यातून ताठरपणा आणि आखडणं वेगळं कळत नाही.

दुसरा भाग स्वतःच्या हालचालीचा. यासाठी १९७५ साली स्वीडनमध्ये तयार झालेली फ्युगल-मेयर चाचणी वापरतात; पायाच्या हालचालींना ३४ गुण. त्यात उभं राहून, मांडी पुढे न नेता, फक्त गुडघा मागे वाकवायला सांगतात. अनेकांना झोपून जोर लावून अख्खा पाय वर ओढता येतो, पण हे जमत नाही, कारण कंबर, गुडघा, घोटा एकत्रच हलतात. ताकद आहे, पण सुटी हालचाल नाही. एकूण गुणांपेक्षा कुठे शून्य पडलं ते विचारून घ्या. चांगला पायही तपासायला सांगा, तोही कमजोर झालेला असतो.

चालण्याचा वेग तुम्ही घरीच मोजू शकता. मोकळ्या पॅसेजमध्ये १० मीटर आखा, पुढेमागे थोडी जागा सोडा आणि नेहमीच्या चालीला घड्याळ लावा. २५ सेकंदांहून जास्त लागले, तर वावर साधारण घरापुरताच असतो. साडेबारा सेकंदांच्या आत आले तर बाहेर एकटं फिरणं बहुधा जमतं. दर दोन-तीन महिन्यांनी लिहून ठेवा.

तपासणीला जाताना हाफ पँट घाला आणि रोजची झिजलेली चप्पल घेऊन जा. तळव्याची कुठली कड झिजलीय ते आम्हाला पाहायचं असतं. मात्र पाय अचानक पूर्वीपेक्षा जड पडला, तर फिजिओची अपॉइंटमेंट घेत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.