कागदावरची चमक

प्रिय मुली,

तुझा निरोप दोनदा वाचला. पाच महिने काही सुचत नाही, कागद लावतेस आणि तासाभराने काढून ठेवतेस. सोबत फोटो पाठवलास : बोर्डावर टेपने नीट चिकटवलेली जलरंगाच्या कागदाची कोरी पाव शीट आणि शेजारी ओळीत मांडलेले, धुतलेले ब्रश. ती ओळ बघूनच कळलं. पाच महिने तू फक्त तयारी करते आहेस.

हात चांगला आहे, नजर आहे, हे मी सांगणार नाही. तुला ते ठाऊक आहे आणि त्याचाच त्रास होतोय. ब्रश ओला व्हायच्या आधीच तुझं चित्र संपलेलं असतं. डोक्यात रंगवलं, फ्रेम केलं, चार जणांना दाखवलं, त्यांनी नाक मुरडलं, तेही तूच ऐकलंस. मग कागदावर करायला उरलं काय?

म्हणून चित्राकडे बघू नकोस. पाण्याकडे बघ. यापुढे जे काही लिहितोय ते एवढंच आहे, फक्त लांबण लावून.

जलरंगाची एक फुल शीट आण : २२ × ३० इंच, ३०० जीएसएम (म्हणजे जाड), पूर्ण कॉटनची, कोल्ड प्रेस, म्हणजे किंचित खरबरीत. महाग पडते, माहीत आहे. दोन्ही बाजूंनी चार-चार भाग होतील अशा घड्या घाल, स्टीलची पट्टी धरून फाड. ५.५ × ७.५ इंचाचे १६ तुकडे मिळतील. रोज एक. कार्ट्रिज पेपरवर, म्हणजे साध्या ड्रॉइंगच्या कागदावर, भागवू नकोस. तो ओला झाला की फुगतो, त्याला खड्डे पडतात, खड्ड्यांत रंग साचतो आणि आपल्याला वाटतं आपला हातच गेला. कपाटात दोन पावसाळे काढलेली शीट असेल तर तीही आधी तपासून घे. मागच्या कोपऱ्यात पाण्याचा थेंब सोड. टीपकागदासारखा झटकन आत शिरून गडद डाग पडला तर सायझिंग, म्हणजे पाणी वर धरून ठेवणारी खळ, गेलं समज. त्या कागदावर भल्याभल्यांचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, डागाळतो. अर्ध्या लोकांचं ‘सुचत नाही’ हे खरं तर दमट कागदाचं दुखणं असतं, पण ते कबूल करायला कमीपणा वाटतो.

रंग एकच, अल्ट्रामरीन निळा. ट्यूबमधून हरभऱ्याच्या निम्म्या दाण्याएवढा काढ आणि दोन चमचे पाण्यात पूर्ण विरघळव. सगळं आधीच कालवून ठेवायचं. मध्येच रंग संपला आणि नवा कालवत बसलीस, तर तेवढ्यात कड वाळते आणि पट्टा दिसतो. रंग हवा त्यापेक्षा एक घर गडद ठेव, वाळल्यावर तो फिका पडतोच. १२ नंबरचा राउंड ब्रश पुरे. बोर्डाच्या वरच्या बाजूखाली दीड-दोन इंच जाडीचं एखादं पुस्तक सरकव.

आता वॉश. ब्रश भरून वरच्या कडेला डावीकडून उजवीकडे एक आडवा हात. खालच्या काठाला रंगाचा फुगीर ओघळ जमेल, पडतो-पडतो असा वाटणारा, पण न पडणारा. पुढचा हात त्या ओघळाला जेमतेम चाटून जाऊ दे, तो ओघळ खाली उतरेल. दर हाताला ब्रश पुन्हा भर. राहिलेला पांढरा ठिपका दिसला तरी मागे जायचं नाही. शेवटच्या हातानंतर ब्रश फडक्याला टिपून ओघळाला नुसता टेकव, तो उरलेलं पाणी शोषून घेईल. हे विसरलीस तर तेच पाणी दहा मिनिटांनी वर चढेल आणि फुलकोबीसारखा कातरलेल्या कडेचा डाग उमटेल.

झालं? ब्रश खाली ठेव. खरं काम आता सुरू होतंय आणि नेमकं इथेच तू उठून चहा टाकायला जातेस.

मान वाकवून, खिडकीच्या दिशेने, तिरकं बघ. सुरुवातीला कागद आरशासारखा असतो, खिडकीचे गज त्यात मोजता येतात. थोड्या वेळाने गज पुसट होतात, कागदाचे बारीक उंचवटे पाण्याबाहेर डोकं काढतात आणि चमक सॅटिनच्या कापडासारखी मंद होते. मग ती कडेकडून विझत आत येते. विझल्यावरही कागद वाळलेला नसतो. बोटांची मागची बाजू अलगद टेकव, गार लागेल. गारवा गेला की वाळला.

आरसा असताना रंग सोडलास तर तो पसरून हरवतो. मंद चमकेत सोडलास तर कड मऊ राहते आणि आकारही टिकतो. लांबची झाडं, ढगाचं पोट, पाण्यातली सावली याच वेळी होतात, आणि हा वेळ फार थोडा असतो. चमक विझली पण गारवा आहे, तेव्हा हात मागे बांधून बसायचं. तेव्हा ओला ब्रश लागला की नवं पाणी अर्धवट वाळलेल्या भागात घुसतं, तिथले रंगकण ढकलत नेतं आणि कडेला टाकतं. जलरंगातली बहुतेक चित्रं या गार टप्प्यात, ‘एवढं जरा नीट करते’ म्हणताना मरतात.

किती मिनिटं, ते विचारू नकोस. पुण्यातल्या मे महिन्याच्या दुपारी तीन-चार मिनिटांत खेळ आटोपतो. कोकणात जुलैमध्ये अर्धा तास चमक हलत नाही. पंखा, खिडकी, कागद, रंगाची जाडी, सगळ्याने फरक पडतो. घड्याळ उपयोगाचं नाही, बघावंच लागतं. हेअर ड्रायर मात्र घरात असला तरी लपवून ठेव. वाळायचा वेळ वाचवण्यासाठी तो वापरतात आणि तुला नेमका तोच वेळ वापरायचा आहे.

याला ध्यान म्हणायला मला संकोच वाटतो. श्वास मोजायला मी सांगत नाही. मन भरकटेल, ‘या निळ्या चौकोनाने काय होणार’ असं म्हणेल. म्हणू दे. नजर पुन्हा चमकेवर आण. फोन दुसऱ्या खोलीत ठेव. त्यातल्या ‘रेफरन्स’नी तुला किती पांगळं केलंय त्यावर स्वतंत्र पत्र लिहीन, आज चिडायचं नाही असं ठरवलंय.

पहिले चार दिवस सपाट वॉश. पुढचे चार उतरता, म्हणजे दर हाताला ब्रशात रंग कमी, पाणी जास्त. नंतरचे चार दिवस एकाच वॉशमध्ये चार ठिपके सोड : आरसा असताना, मंद चमकेत, गार टप्प्यात आणि वाळल्यावर. तिसरा ठिपका बिघडणारच. तो मुद्दाम बिघडवायचा आहे, म्हणजे त्याची भीती जाते. शेवटच्या चार दिवसांत खिडकीत एक तांब्या ठेव. चारही दिवस तोच तांब्या, तीच वेळ. आता सोबत बर्न्ट सिएना, तो तांबूस तपकिरी, घे. अल्ट्रामरीनशी त्याचं मिश्रण करड्या रंगाचे हवे तेवढे टोन देतं, तिसऱ्या ट्यूबची गरज नाही. तांब्यावरचा लखलखता ठिपका म्हणजे कोरा कागद, तिथे ब्रश न्यायचाच नाही. चित्रकार सा. ल. हळदणकरांची हातात दिवा घेतलेली बाई, १९४५-४६ मधलं चित्र, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. कधी गेलीस तर चेहऱ्यावरचा उजेड बघ आणि तो जलरंगात आहे हे लक्षात ठेवून पुन्हा बघ.

तोच तांब्या चारदा म्हटल्यावर तू कंटाळशील. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षण घेतलं, शाहू महाराजांचा आश्रय त्यांना होता, विषयांना तोटा नव्हता. तरी ते रंकाळा तळ्यावर पुन्हा पुन्हा जात राहिले. तळं तेच, पाणी रोज वेगळं.

‘सर तंत्राच्या आड लपतात, यांना सांगायचं असं काही नाही’, हे तुझ्या बरोबरीचे म्हणतात, मला माहीत आहे. लपलो असेन. पण सुचण्याची वाट बघण्यात जितकी वर्षं घालवली, त्यांचा एकही कागद माझ्याकडे नाही, आणि पाण्याकडे बघत घालवलेल्या प्रत्येक सकाळचा आहे. त्यातले बरेचसे वाईट आहेत. ते जपून ठेवण्यात मी फार उशीर केला, फाडत राहिलो. तू फाडू नकोस.

आणि हे सोळा कागद कुणाला दाखवू नकोस, मलाही नको. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने लिही : तारीख, वेळ, हवा कशी होती, आरसा किती मिनिटं टिकला, मंद चमक किती, गारवा किती वेळ राहिला. ‘छान’, ‘फसलं’ असले शब्द चालणार नाहीत. एखाद्या दिवशी बघायचं राहिलं तर तसं लिही, ‘चमक चुकली’. तेवढंच.

सतराव्या दिवशी सोळाही कागद पालथे मांड आणि मला त्या मागच्या बाजूंचा फोटो पाठव.

तुझे,
सर